दोघींचं पाणी

प्रिय सुचिता,

फोन उचलत नाही, म्हणून कागदावर आली. कागद कट करता येत नाही.

माझी नात पोटातलं पाणी मोजते, हे मी अजूनही बाजारभर सांगते. रोहिणखेडची बांगडीवाली सायरा म्हणे, पाणी काय मोजता अम्मा, पोट आहे का कॅनल? तिले काय ठाऊक! तुझ्या सोनोग्राफीच्या खोलीत मी उभी होती. तुझी भावजय सुवर्णा टेबलावर, महिना पाचवा अन् पोट आठव्याचं. आम्ही खूश, जुळं आहे म्हणून. तू मात्र पोटावर यंत्र पुन्हा पुन्हा फिरवत होती. पडद्यावर काळं दिसते ते पाणी, एवढं मले उमगलं. तू एकीच्या पिशवीतला खोल डोह शोधला, उभा मोजला; मग दुसरीचा. एकीभोवती पाणीच पाणी, दुसरी कोरडी, आपल्याच पिशवीले चिकटलेली. मी शहाणी म्हटलं, दोघींचं मिळून भरपूर आहे ना? नाहीतर सुवर्णाले तांब्याभर पाणी पाजा. तू हसली नाही. म्हणाली, आजी, दोघींत वार एकच, अन् तिच्यातून दोघींच्या नसा जोडलेल्या. पाटाचा दांड फुटून एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात चाललं, तर विहीर भरून काय फायदा? दांड बुजवा लागते. बाई गं, एवढी शिकली तरी वावर विसरली नाही!

त्याच दिवशी तू तिले मोठ्या शहरात नेलं. दुर्बिणीनं त्या नसा बंद केल्या. तरी ती कोरडी लेक वाचली नाही. आधीच मोजलं असतं तर, असं तू भावाले, गोविंदाले म्हणाली अन् तेव्हापासून त्याचा उंबरा शिवली नाही. काऊन? आमच्या काळात अशी पोटं फुगली अन् दोन्ही लेकरं गेली, की आम्ही नजर काढत बसायचो. कुठं पाहावं हेच ठाऊक नव्हतं. तू पाहिलं, म्हणून एक मांडीवर आहे.

ती आता गोधडी लाथाडून राह्यली, पण बिननावाची. शेजारची झुंबरबाई म्हणे, चुलत आत्या काय कमी आहेत? मी म्हटलं, कानात नाव सख्खी आत्याच सांगन. तुझ्यावाचून बारसं होत नाही, म्हणून हे पत्र. अन् हे लिहून राह्यली ती सुवर्णाच. मी सांगितलेल्या शिव्या तिनं गाळल्या असतीन. खाली तिनं आपल्या मनानं काही लिहिलं. मले वाचून दाखवत नाही. तूच पाहा.

तुझीच भांडखोर आजी,
रुखमाबाई

ताई, पाळण्यात एकच आहे. नावं मात्र दोन आणा.
— सुवर्णा