कुड्याला आवतण

अमरावती, २ ऑगस्ट १८६४
शेजारच्या काशी माळणीने वांगी उपटून वाफ्यांत कापूस लावला. म्हटलं, आता कापूस शिजवून खाणार का? "समदं गाव लावून राह्यलं बाई, मी एकटीनंच काहून वांगे इकावं?" मी आणखीच बोलले. तिच्या नाल्याच्या बांधावरचा कुडा मात्र तोडू दिला नाही. या अंगाला तो एकच उरलाय. बाकीचे कापसापायी मुळासकट गेले. छावणीच्या दवाखान्यात वीस वर्षं घासली. रक्ती आवेवर, रक्ताच्या हगवणीवर, कुड्याच्या सालीसारखं औषध साहेबाच्या कपाटात नव्हतं. कबूल करील तर साहेब कसला.

९ ऑगस्ट
आगगाडीच्या भरावावरच्या मजुरांत हगवण. तिथला मुकादम साल मागायला आला. दिली. "पण वळखाचं कसं, बाई?" झालं, मी लगेच मास्तरीण! चिकावर जाऊ नको, चीक दोन्ही कुड्यांना. शेंगा बघ. जोडी सुटी लोंबते तो खरा. टोकाशी चिकटलेली असते तो काळा कुडा. त्याची साल बिनकामाची. खरी चाखलीस तर कडूपणा जेवणापर्यंत जिभेवरून जात नाही. नेऊन झाडच दाखवलं. मिशनच्या मठातल्या शाळेत सिस्टर म्हणायची, हिचं तोंड हिला बुडवणार.
एक सांगायचं राहिलं. साल एकाच बाजूची घ्यायची, उभी पट्टी. दुसरी बाजू पुढल्या वर्षी, म्हणजे झाड मरत नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मुकादम या भागातला नाही, हे लक्षातच आलं नाही.

१३ ऑगस्ट
कुडा सोलला. बुडापासून फांद्या फुटतात तिथवर, गोल, चारी बाजूंनी. ओलं पांढरं लाकूड उघडं.
भरावावर जाऊन मुकादमाला नको नको ते बोलले. तो खाली बघून म्हणाला, "माही दहा माणसं आडवी पडली व्हती, बाई. अन् झाड दाखवलं कोनं?" उरलेली साल अकोल्याच्या बाजारात गेली म्हणे.
काशी म्हणते, "हिरवंच तं हाये अजून." पानांना कळायला वेळ लागतो. हे तिला सांगितलं नाही.

१९ ऑगस्ट
काशीची लेक सरू, महिन्याची बाळंतीण. कालपासून हगवण, रक्त पडतंय. माझ्या डब्यात दोन दिवसांपुरती साल. काढा करून दिला.

२१ ऑगस्ट
साल संपली. काशीच्या नवऱ्याने बाजारातून कुडा आणला. तुकडा चावला. कडूपणा नावाला नाही. काळा कुडा. उकिरड्यावर टाकला. काशी ओरडली, "फेकता काहून? कायीच नायी त्याच्यापरीस बरं ना!"
बरं नाही. पण

२२ ऑगस्ट
सरू उठून बसत नाही.
वर उरलेल्या कोवळ्या फांद्यांच्या सालीला गुण नाही. मुळाची साल चालते, खोडाइतकीच कडू. पण कुडा मुळातूनच पुन्हा फुटतो. तोडलेले कुडे असे उठताना मी पाहिलेत. मूळ सोललं की कायमचा गेला. काशीला हे नीट समजावून सांगितलं. मग म्हणाली, "माही पोरगी फुटन का मुळातून, बाई?"
सांजेला ती हळद-तांदूळ घेऊन आली. औषधाच्या झाडाला आदल्या संध्याकाळी आवतण द्यायचं, मगच सकाळी हात लावायचा. या रीतीला जन्मभर हसले. मला वाटलं, तीच झाडाशी ठेवील. तिने माझ्या हातात दिले. "तुमी ठेवा. दाखवलं तुमी."
ठेवले. काय म्हणायचं असतं ते ठाऊक नव्हतं. लॅटिन प्रार्थनेची एक ओळ आली तोंडात, तीही अर्धीच.

२३ ऑगस्ट
उत्तरेकडचं मूळ उकरलं. दक्षिणेचं ठेवलं. काशीने कुदळ तिकडे वळवली तेव्हा तिचा हात धरला. काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवला.

२४ ऑगस्ट
सरू तशीच. मूल रडतं, तिला दूध नाही. मुकादम माझ्या दाराशी येऊन उभा राहिला, "कशी हाये पोरगी?" दार लावून घेतलं. दाराआड उभी राहिले, तो जाईपर्यंत.

२७ ऑगस्ट
जुलाब दिवसाला बारा होते, काल पाच. रक्त कमी. दोन घास भात घेतला, मुलाला पाजलं. काशी हसली. माझ्याकडे बघून नाही.

२९ ऑगस्ट
पुन्हा आठ. साल उद्या सकाळपुरती.
बांधावर गेले. कुड्याची पानं पिवळी पडून लोंबतायत. दक्षिणेच्या मुळावर बोटभर कोंब. गवत असेल म्हणून वाकून पाहिलं. कोंबच. पानं समोरासमोर, जोडीने. नखाने खुडून चीक पाहणार होते, हात मागे घेतला.
काशीने कुदळ माझ्या दाराशी आणून ठेवली आहे, धुऊन.
सांजेला हळद-तांदूळ घेऊन एकटीच गेले. दक्षिणेच्या बाजूला ठेवून आले.