पांढऱ्या प्रवाळांचं कपाट

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमची आठवण काढणारेही थोडेच उरलेत. मी मात्र गेला आठवडाभर रोज तुमच्यावर चिडते आहे. तुमचं काचेचं कपाट अजून कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. मी तिथेच शिकवते, त्यामुळे त्याच्यासमोरून जाणं चुकत नाही. आत तुमची प्रवाळं ओळीने मांडलेली, पांढरीशुभ्र, प्रत्येकाखाली तुमच्या सुबक अक्षरात लॅटिन नाव. सुरतेच्या मुलांना प्रवाळ दुसरीकडे दिसणार तरी कुठे? आमचा समुद्र म्हणजे डुमसचा काळा चिखल. तापी एवढा गाळ आणून ओतते की प्रवाळ तिथे तग धरूच शकत नाही. म्हणून आमच्यासाठी प्रवाळ म्हणजे एक तर सोनाराकडच्या अंगठीतलं पोवळं, नाहीतर तुमचं कपाट. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा त्यातलाच एक वळ्यावळ्यांचा तुकडा तुम्ही मला बक्षीस दिलात. मी तो मिरवत गोडादऱ्याला घरी नेला. आईने आधी तो देवाजवळ ठेवला आणि मग एक दिवस मोरीत नेऊन त्याने टाचा घासायला बसली. "मस्त वजरी शे हाई," म्हणाली. मी तिच्याशी केवढी भांडले होते. आज वाटतं, त्या मेलेल्या जिवाचा तिने निदान काही उपयोग तरी केला.

वर्गात मी एकदा विचारलं होतं, सर, याचा खरा रंग कोणता? तुम्ही खडू टेबलावर आपटलात. "रंगावर जायचं नाही. रंग फसवतो. सांगाडा बघा." सगळा वर्ग हसला आणि मी खाली बसले. नाव ठरवायला ते बरोबरच होतं, मी नाही म्हणत नाही. प्रवाळाची जात ओळखायची तर त्याच्या चुन्याच्या सांगाड्यावरच्या बारीक वाट्या आणि त्यांतले पडदे पाहावे लागतात. पण त्यासाठी आधी त्याला मारावं लागतं, ब्लीचिंग पावडरच्या बादलीत बुडवावं लागतं, कुजका वास नाक दाबून सोसावा लागतो. तुम्ही आम्हाला मढी ओळखायला शिकवलंत, सर. आणि आम्ही सगळे तेवढंच शिकून बाहेर पडलो.

आमच्या वर्गातला तो नवागामचा मुलगा आठवतो? मागच्या बाकावरचा, सतत पेन फिरवणारा. आता त्याची पाहणी करून देणारी कंपनी आहे. कच्छच्या आखातात कुणाला तरी धक्का बांधायचा आहे, भराव टाकायचा आहे, आणि तिथे प्रवाळ आहे की नाही हे याने सांगायचं. तज्ज्ञ म्हणून त्याने मला सोबत नेलं. ओहोटीला आम्ही उतरलो. तो गमबूट घालून एका तपकिरी, गाळाने माखलेल्या गोळ्यावर उभा राहिला आणि त्याच्या माणसाला म्हणाला, "लिख ले, पत्थर. अहीं कंई नथी." मी त्याला खाली उतरायला लावलं. बाजूच्या डबक्यातल्या तसल्याच गोळ्यावरचा गाळ हाताने पाणी हलवून उडवला. खाली फुलांसारखे इवलेसे जीव तोंडं उघडून बसले होते, खेटून, हजारोंनी. त्याने वाकून पाहिलं. मग म्हणाला, "तू दाखवलंस म्हणून दिसतंय यार. सरांनीसुद्धा याला दगडच म्हटलं असतं."

माझं डोकं फिरलं. कारण तुम्ही दगड म्हटलं नव्हतं, सर. मला तो दिवस लख्ख आठवतो. सहलीला तुम्ही आम्हाला त्याच आखातात नेलं आहे, बाकीची मुलं पुढे गेली आहेत, माझ्या हातात छिन्नी आहे. मी ती एका तपकिरी गोळ्यावर टेकवते आणि तुम्ही माझं मनगट धरता. कॉलेजात चुकूनही न काढलेली आपली घरची बोली तुमच्या तोंडून येते. "हळू, पोरी. जित्तं शे ते." मग तुम्ही छिन्नी माझ्याकडून घेता आणि स्वतःच हातोडी मारता.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग ते वर्गात का नाही सांगितलंत? आम्हाला सत्तर नावं पाठ करायला लावलीत आणि जी एक गोष्ट कळायला हवी होती ती अहिराणीत, एकटीला, हळू आवाजात सांगितलीत. परीक्षेत येणार नव्हती म्हणून? की बोलीतलं बोलणं वर्गात शोभलं नसतं म्हणून? तुम्ही शिकवलेली मुलं आज किनाऱ्यावर फिरून पांढरं काही दिसतंय का ते शोधतात. प्रवाळ पांढरं पडतं ते मरताना. मग जिवंत असेल त्यावर ती उभी राहतात आणि दगड म्हणून मोकळी होतात. त्यांच्यावर रागवून काय उपयोग? हे तुमचं काम होतं, सर.

काल त्याच्या रिंगरोडच्या ऑफिसात बैठक झाली. भराव टाकणारे आले होते, चहा आला, आणि त्याने अहवाल माझ्यासमोर सरकवला. त्यात सगळीकडे खडक. मी सही करत नाही म्हटल्यावर तो हसून त्या लोकांना म्हणाला, "आमच्या सरांनी आम्हाला असं कधी शिकवलंच नव्हतं." ते ऐकून माझा जो काही तोल होता तो गेला. मी म्हटलं, "शिकवलं होतं. पूर्ण एक तास घेतला होता सरांनी, जिवंत प्रवाळ कसं ओळखायचं यावर. तू त्या दिवशी गैरहजर होतास." त्याचं पेन फिरायचं थांबलं. मग त्याने अहवाल परत ओढून घेतला आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पाहणी करू म्हणाला.

हे पत्र मी टपालात टाकणार तरी कुठे? पण कुणाला तरी सांगायलाच हवं, की मी खोटं बोलले. त्याने ते खरं मानलं, बाहेर पडताना मला विचारलं, "मी खरंच नव्हतो का ग त्या दिवशी?" आणि मी हो म्हटलं. तुमची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती, सर. तो तास तुम्ही कधी घेतलाच नाहीत.