मधली जागा

७ सप्टेंबर १९९६, शनिवार
हरलो. ३४-६. पण आकडा फसवा आहे.
पुढे लोक विचारतील, सुरुवात कशी झाली? म्हणून सगळं नीट लिहून ठेवायचं ठरवलंय. तर, अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँडच्या पार्कातली शनिवारची लीग. फ्लॅग फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं (रन) नाहीतर पुढे फेकायचा (पास). यात पाडापाडी नाही, पळणाऱ्याच्या कमरेला लटकणारी पट्टी ओढली की तो थांबला. टीममध्ये सगळी आपली पोरं. मी कॅप्टन, मीच कोच, आणि डिफेन्समध्ये बरोबर मधला माणूस. मधली जागा म्हणजे टीमचा कणा. ती मी स्वतःकडे घेतली, कारण हायस्कूलला दोन वर्षं मी त्याच जागेवर होतो. बेंचवर होतो, पण त्याच जागेच्या बेंचवर.
आज समोरच्या बँकवाल्यांच्या टीमने पास टाकलाच नाही. बॉल छातीशी धरायचा आणि मधून सरळ पळत सुटायचं. डोकं नाही, कला नाही. कारण उघड आहे. माझी दहशत. बॉल सुटल्याबरोबर मी मागे धावत जाऊन पासची वाट अडवतो, हे त्यांनी हेरलं. मग पास टाकायची छातीच झाली नाही. म्हणजे हे सगळे रन एका अर्थी माझं कौतुकच.
सगळ्यात मागे प्रितम उभा असतो. नागपूरचा, इथे एमएस करतोय, फुटबॉल पहिल्यांदाच बघतोय. पळत आलेल्या बहुतेकांना शेवटी त्याने धरलं, पण फार उशिरा. मी त्याला सगळ्यांसमोर झापला. म्हणाला, हो भाऊ, चुकलंच.
स्कोअर लिहायला उपासना. तीही नागपूरची, फार्मसी शिकायला आलीय, आमच्याच रस्त्यावर काकांकडे राहते. विक्रमने आमच्याकडून लांब पास टाकला तेव्हा टाळ्या वाजवल्या. विक्रम म्हणजे हार्टच्या डॉक्टरांचा मुलगा, लाल कन्व्हर्टिबलवाला. लक्ष ठेवायला हवं.
संकल्प तीन. रन थांबवणे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत उपासनाला मनातलं सांगणे. जानेवारीत कॉलेजला परत जाणे (पहिले दोन जमल्यास).

९ सप्टेंबर, सोमवार
कॉलेज सोडलेलं नाही. मार्चमध्ये उठून आलो, एवढंच. प्रोफेसरने माझा पेपर वर्गात वाचून दाखवला, मी तो त्याच्याच टेबलावर फाडला. स्वाभिमान नावाची काही चीज असते. तेव्हापासून मॉलमधल्या दुकानात बूट विकतो. खेळाचेच बूट आहेत, म्हणजे फील्ड सोडलेलं नाही.
पप्पा यावर बोलत नाहीत. ते ड्रेनेजचे इंजिनियर. पावसाचं पाणी कुठून कुठे न्यायचं हे ठरवतात. माझ्याशी बोलतात ते फक्त माझ्या गाडीच्या ऑइलबद्दल. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांची डिग्री फ्रेम करून लावलीय. तिच्या शेजारी आणखी एक खिळा ठोकलेला आहे, रिकामा. आईने मार्चनंतरही काढला नाही. मी हल्ली टीव्ही दुसऱ्या सोफ्यावरून बघतो.

१४ सप्टेंबर, शनिवार
हरलो. चर्चवाल्यांकडून. पुन्हा रन, पुन्हा मधून. गवत ओलं होतं, ऊन अंगावर, आणि आमच्या टीमचा अतुल पोटभर पोहे खाऊन आला होता. पोहे खाल्लेला माणूस कुणाला अडवणार.
मॅच संपल्यावर विक्रमने उपासनाला विचारलं, घरी सोडू का? माझ्या डोळ्यांदेखत. बर्फ-पाण्याच्या कूलरला लाथ घातली. अंगठा सुजला. ती बर्फ घेऊन धावत आली, म्हणजे काळजी आहेच. बर्फ प्रितमने कूलरमधून काढून दिला, पण आणला तिने.
मग डोकं थंड करून चाल रचली. प्रितमला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे उपासनाला आणणं, पोचवणं तुझ्याकडे. ती त्या लाल गाडीत बसता कामा नये. प्रितमची जुनी टर्सेल गाडी आहे, एसी बंद, खिडकी एकच उघडते. तो घुटमळला. म्हणाला, पण भाऊ, मीच काऊन? म्हटलं, तुझ्यापासून कुणाला धोका नाही म्हणून.
लाँग पास कव्हर झाला.

२८ सप्टेंबर, शनिवार
प्लंबर लोकांशी मॅच. त्यांचा एक प्रचंड माणूस आहे, डेल. त्याला वळताच येत नाही. वळायची गरजही पडली नाही.
अतुल हाफटाइमला म्हणाला, यार राकेश, तू जरा मध्येच थांबून बघ ना. त्याला समजावलं, की मी थांबलो तर पास पडेल. तो म्हणाला, पण ते पास टाकतच नाहीयेत. म्हटलं, का टाकत नाहीयेत? या लोकांना पुढचं दिसत नाही.
उपासना टर्सेलमधून आली आणि टर्सेलमधून गेली. विक्रम नुसता बघत राहिला. मनात हसलो.

५ ऑक्टोबर, शनिवार
अन्याय. रेफरीने पहिल्या पाच मिनिटांत मला बाहेर काढलं. मी त्याला चष्म्याचं दुकान कुठे आहे ते सांगितलं, एवढंच. उरलेली मॅच बाजूला बसून पाहिली. माझ्या जागेवर अतुल नुसता उभा होता. पोहे खाऊन, कमरेवर हात ठेवून. बॉल घेऊन आलेला माणूस त्याच्यावर येऊन आदळायचा आणि अतुल त्याची पट्टी काढून घ्यायचा.
जिंकलो. १२-७. पहिला विजय.
याचं श्रेय कुणी बोलून दाखवलं नाही, पण माझ्यावरचा अन्याय पाहून पोरं पेटून उठली हे उघड आहे. माझी बहीण मैत्री उपासनाच्या शेजारी बसून चिप्स खात होती. सगळ्यांकडे बघत म्हणाली, हू इज गॉना टेल हिम? काय सांगायचंय, विचारलं. नथिंग, म्हणाली. शाळेतल्या मुलांना इंग्लिश येतं, पण बोलायची रीत येत नाही.
पुढच्या शनिवारी मधली जागा पुन्हा माझ्याकडे. विजयी टीम मोडू नये, असं अतुल म्हणाला. कॅप्टन मी आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार
धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आमच्या घरी. हॉलमध्ये चादरी, सगळे पांढऱ्या कपड्यांत, वंदना, मग आईची खीर. उपासना पांढऱ्या साडीत. ठरवलं, आजच.
खीर खाताना शोभनामावशींनी सगळ्यांसमोर विचारलं, राकेश, आता कितवं वर्ष रे तुझं? मी तोंड उघडायच्या आत पप्पा पाणी आणायला उठले. सगळ्यांच्या हातात पाणी होतं.
किचनमध्ये उपासना एकटी सापडली. मी सुरुवात करणार, तेवढ्यात तिनेच विचारलं, परत कधी जातोयस कॉलेजला? डोकं फिरलं. म्हटलं, सीझन संपू दे. ती म्हणाली, अरे, सीझन तर दर वर्षी येतो. त्यावर चांगलं उत्तर सुचलं, पण ते रात्री सुचलं. बोलणं लांबणीवर टाकलं. माघार नाही.
प्रितम पाहुणा असून बाही वर करून भांडी घासत होता. मुलींना असं आवडत नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं.

२६ ऑक्टोबर, शनिवार
हरलो. पण महत्त्वाची बातमी वेगळीच. विक्रमचं डॅलसच्या एका मुलीशी जमलंय. दोन वर्षांपासून. टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं.
म्हणजे मैदान पूर्ण मोकळं. आता घाई करायचं कारण नाही. गाडीचं काम प्रितमकडेच राहू दिलं. बसलेली घडी कशाला मोडा.

९ नोव्हेंबर, शनिवार
आज पप्पा पहिल्यांदाच मॅचला आले. न सांगता. पॉलिश केलेले बूट, घडीची खुर्ची, उन्हाला छत्री. त्यांना फुटबॉल कळत नाही. आम्ही ४० पॉइंट खाल्ले. ते शेवटपर्यंत हलले नाहीत.
येताना माझी गाडी, ते शेजारी. हायवे सिक्सच्या सिग्नलला गाडी थांबली. मग समोर बघतच बोलायला लागले. म्हणाले, पाण्याला अक्कल नसते. ते फक्त बघतं की कुठे कुणी नाही. आज दिवसभर ते तुझ्या जागेवरून गेलं. पुढे म्हणाले, जागा तू चांगली निवडतोस. थांबत नाहीस.
मी म्हटलं, तुम्हाला गेम कळत नाही पप्पा. हो म्हणाले, कळत नाही.
सिग्नल सुटला. मग म्हणाले, परवा प्रितम घरी आला होता. त्याचे आईवडील नागपूरला. उपासनाच्या काकांकडे त्याच्या वतीने मी बोलायला यावं, असं त्याचं म्हणणं आहे. पुढच्या रविवारी जाईन. आणि म्हणाले, त्याआधी घरात कुणाला काही सांगायचं असेल तर मी ऐकेन.
गाडी तीच, रस्ता तोच. मी उगाचच इंडिकेटर लावला.
म्हटलं, मला काय सांगायचं असणार. ऑइल बदलायला झालंय, एवढंच.
पप्पा म्हणाले, बरं.

११ नोव्हेंबर, सोमवार
विचार केला. प्रितम एकतर्फी आहे. बिचाऱ्याचा गैरसमज झालाय, गाडीत दर शनिवारी शेजारी बसल्यामुळे. उपासना नाही म्हणेल, त्याची शोभा होईल. त्याच्यासाठी तरी मी आधी बोललं पाहिजे. शनिवारी, मॅचच्या आधी. वाक्य पाठ करतोय. दुकानात एका बाईंना दोन्ही डाव्या पायाचे बूट दिले.

१६ नोव्हेंबर, शनिवार
टर्सेल आली. दोघं कशावर तरी हसत उतरले. एकाच उघड्या खिडकीमुळे तिच्या केसांचं घरटं झालं होतं. ते तिने तसंच ठेवलं होतं.
वाक्य घेऊन तिच्या खुर्चीपाशी गेलो. ती म्हणाली, बरं झालं आलास, तुझे आभार मानायचे होते. म्हणाली, तू त्याला माझ्या लिफ्टचं सांगितलंस म्हणून, नाहीतर हा माणूस जन्मात बोलला नसता. पहिले तीन आठवडे नुसतं गाडीच्या गॅस्केटबद्दल बोलायचा, शप्पथ. आणि हसली. मग एकदम थांबली आणि माझ्याकडे नीट बघितलं. विचारलं, राकेश, तुला काही म्हणायचं होतं का?
म्हटलं, स्कोअर पेनने लिहीत जा. पेन्सिलचं पुसतं.
मॅच हरलो.

१७ नोव्हेंबर, रविवार
पप्पा सूट घालून गेले. माझ्या कॉलेजच्या ग्रॅज्युएशनसाठी शिवून ठेवलेला. अंगावर छान बसतो. संध्याकाळी हिलक्रॉफ्टच्या देशी दुकानातल्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन परत आले. आईने देवाणघेवाण काय झाली विचारलं. कसली देवाणघेवाण, पप्पा म्हणाले, मुलीनेच आधी हो म्हटलं. पेढा माझ्यासमोर धरला. घेतला. गोड जास्त होता.

२३ नोव्हेंबर, शनिवार
सीझनची शेवटची मॅच. पुन्हा प्लंबर, पुन्हा डेल. मनाशी पक्कं केलं होतं, आज जागा सोडायची नाही.
स्कोअरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. दोघं साडी घ्यायला गेले होते. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो. जागेवरच होतो. डेल बाजूने निघून गेला.
मी वळून ओरडलो, प्रितम! सवय. मागे कुणी नव्हतं. डेल एकटाच पळत राहिला, मोकळ्या गवतावर, घाईसुद्धा न करता. तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की मागे किती मोठं मैदान आहे आणि ते सगळं एक माणूस एकटा सांभाळत होता. वर माझ्या शिव्या खात होता. हो भाऊ, चुकलंच, म्हणत होता.
नंतर डेल पाणी देऊन गेला. म्हणाला, यू फेलोज हॅड अ गुड किड बॅक देअर. म्हटलं, हो. होता.
स्कोअर कुणी लिहिला नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार
ऑइल बदललं. माझ्या सीटवर कॉलेजचं जानेवारीचं कॅटलॉग होतं. पप्पांनी ठेवलेलं, वरून पुसायचं फडकं टाकून, जणू फडकंच ठेवलंय. उघडलं नाही. डॅशबोर्डवर ठेवलं. फेकलंही नाही, याची नोंद असावी.

३० नोव्हेंबर, शनिवार
साखरपुडा आमच्या घरी. हॉल आमचाच मोठा, आणि मुलाकडचे म्हणून पप्पा. आईने सजावट माझ्याकडे दिली. दिव्यांची माळ लावायला एका टोकाला आधार सापडेना. शेवटी त्या रिकाम्या खिळ्याला बांधली. इतक्या महिन्यांनी कामाला आला.
दुपारी प्रितमने फोन केला होता. म्हणाला, भाऊ, तुम्ही नाराज तर नाही ना? म्हटलं, तू फार मागे उभा राहायचास, एवढीच तक्रार आहे. हसला. मग बराच वेळ त्याने फोन ठेवला नाही, मीही नाही.
संध्याकाळी पप्पांनी मला ड्राइव्हवेवर नेलं. लोकांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लावून घे, मधली जागा मोकळी ठेव, पोरांची गाडी शेवटी येईल. खांद्यावर हात ठेवला. मार्चनंतर पहिल्यांदा. म्हणाले, इथेच थांब.
थांबलो. बरोबर मध्ये, दोन्ही पाय रोवून. सगळ्या गाड्या लावल्या. कुणावर ओरडलो नाही. अंधार पडला तरी हललो नाही.
मग टर्सेल आली. एकच खिडकी उघडी. सरळ, मधून, माझ्याकडे.
बाजूला झालो. गाडी होती. अडवणार कशी.