नुसतं मांदेलीचं पाणी

सोहो बाजार, थोंगयोंग
मंगळवार, दुपार

प्रिय दानबी,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघे दुखतात, पण ते तू शाळेत होतीस तेव्हापासून दुखताहेत. फोन का नाही केला, असं तू विचारशीलच. फोनवर माझ्या नुसत्या आवाजावरून तुला सगळं कळतं, मधेच तू "आई, खरं सांग" म्हणतेस आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. म्हणून कागद घेतला. दुकानातच बसले आहे, मांदेलीच्या खोक्यावर फळी टाकून. सकाळपासून तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. शेजारची कोळंबीवाली मान लांब करकरून बघत होती. म्हणाली, "या वयात प्रेमपत्र कुणाला गं?" मी म्हटलं, तुझ्याच नवऱ्याला. तेव्हापासून पाठ फिरवून कोळंबी निवडते आहे.

तू चुसोकच्या सणाला येते म्हणालीस त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. गेली तीन वर्षं तू सणाला आलीस ती डबा घेऊन आलीस. घरभर माझ्या रश्श्याचा वास सुटलेला असायचा आणि तू ओट्यापाशी उभी राहून स्वतःचा थंड भात खायचीस. मला ते बघवायचं नाही, मी काहीतरी निमित्त काढून बाजारात निघून जायचे. आता तू म्हणतेस, या वेळी डबा आणणार नाही, तू करशील ते खाईन, बुसानच्या फेरीपासून माझा तुझ्यावर विश्वास बसलाय. हे मी कोळंबीवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, तुझ्या बाबांच्या फोटोला तर रोज सांगते. आणि हे पत्र वाचल्यावर तू येशील की नाही, याची मला धास्ती आहे. तीनदा कागद फाडला तो त्यामुळेच.

तू मासे, मांस, अंडी, दूध सगळंच सोडलंस तेव्हा मला वाटलं तू मलाच सोडलंस. बाबांनी जन्मभर मांदेलीच्या बोटीवर मासे उकडले, मी जन्मभर ते सुकवलेले विकले, आणि आमचीच मुलगी म्हणते, आई, यातलं काही नको. मी तेव्हा काय वाटेल ते बोलले. बाजारात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस म्हणाले. तुझी हाडंसुद्धा मांदेलीची आहेत, ती कुठे टाकशील, असंही म्हणाले. तू का सोडलंस ते सांगत होतीस, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला मांदेली तोलून देत होते. अर्धंच ऐकलं. उरलेलं पुन्हा विचारावं तर माझा ताठा आडवा आला.

म्हणून मे महिन्यात तू बुसानचा तोडगा काढलास तेव्हा मी लगेच हो म्हणाले. ना तुझं घर, ना माझं, दोन दिवस मिळून फिरायचं, समुद्र बघायचा आणि बाहेर जेवायचं. समुद्र काय, माझ्या दारात आहे. मला तुला जेवताना बघायचं होतं. बसमध्ये मी मनात ठरवूनच टाकलं होतं की एवढ्या मोठ्या शहरात भाजीभात मिळणार नाही असं कसं होईल? पण ते शहरही आपल्यासारखंच निघालं. जागाल्चीच्या मासळीबाजारात विचारायची सोयच नव्हती. नाम्फोच्या गल्लीत ती भातवाली मावशी काय म्हणाली आठवतं? मी विचारलं, यात मांस नाही ना? "मांस? अहो, औषधालासुद्धा नाही! नुसतं मांदेलीचं पाणी आहे." आणि तू हसलीस, आणि मीही हसले. पुढच्या दुकानात भाज्या घातलेल्या भातावर अंडं होतं. काढून द्या म्हटलं तर तो दुकानदार म्हणतो, "अंडं पण नाही? अंड्याला कुठे पाय असतात?" किमचीत खारवलेली कोळंबी, टोफूच्या रश्श्यात शिंपले, पालकाच्या भाजीतसुद्धा माशाचं आंबवलेलं पाणी. एक बाई तर तुझ्याकडे निरखून बघून मला हळूच म्हणाली, "पोरीला डॉक्टरला दाखवलंत का?" मी तिला असं काही सुनावलं की तू मला दंडाला धरून बाहेर काढलंस.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुझ्या पोटात एक भाजलेलं रताळं आणि दोन केळी होती. मी म्हटलं, डोंगरावरच्या मठात जाऊ, तिथे तरी भिक्षू जेवत असतील. गेलो, तर पंगत उठलेली. तू म्हणालीस, "आई, जाऊ दे, मला सवय आहे." तो सवय शब्द मला टोचला. म्हणजे तू प्रवासाला जातेस तेव्हा अशीच राहतेस, केळी खाऊन? मी इथे आयुष्यभर अनोळखी माणसांच्या रश्श्याची चव सांभाळते आणि माझं पोर परक्या गावात उपाशी झोपतं. मला चैन पडेना. तू मागून "आई, हळू" म्हणत होतीस आणि मी आपली पुढे पळते आहे, दिसेल त्या दुकानाचा पडदा बाजूला सारते आहे.

योंगदोचं ते शेवयांचं दुकान असं सापडलं. पुलापलीकडे, बोटी दुरुस्त करतात तिथे, चार टेबलांचं. म्हातारी मालकीण लाटलेल्या पिठाची घडी करून सुरीने शेवया कापत होती. तू बूट काढून आत बसलीस आणि टेबलावर डोकं टेकलंस. मी म्हटलं, तू बस, मी स्वयंपाकघरात जाऊन विचारून येते. बाहेर येऊन सांगितलं की रस्सा समुद्री शेवाळाच्या पातीचा आणि मुळ्याचा आहे, खुशाल खा. तू दोन वाडगे खाल्लेस. दुसरा वाडगा तोंडाला लावून प्यायलीस, लहानपणी प्यायचीस तशी, नाकाच्या शेंड्यावर घाम येईपर्यंत. आणि म्हणालीस, "आई, अगदी तुझ्या हातची चव आहे." मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तुला वाटलं मला रडू आलं. आलंही होतं.

त्यानंतर तू बदललीस. दर रविवारी फोन करायला लागलीस. मला पाककृती विचारायला लागलीस, अळंबी किती वेळ भिजवू, मुळा आधी घालू की नंतर. तीन वर्षांत मला एवढं कुणी काही विचारलं नव्हतं. मी फोन ठेवला की दुकानात गाणं म्हणायचे, कोळंबीवालीला विचार. आणि मग गेल्या आठवड्यात तू ती पुस्तिका पाठवलीस, बुसानला येणाऱ्या तुझ्यासारख्या माणसांसाठी, कुठे काय खाता येईल याची. या येत्या शुक्रवारी छापायला जाणार म्हणालीस. मी कौतुकाने चष्मा लावून बसले. पहिल्याच पानावर योंगदोचं दुकान, आणि खाली तू लिहिलंयस: "या रश्श्याची खात्री माझ्या आईने स्वतः स्वयंपाकघरात जाऊन केली आहे. ती थोंगयोंगला मांदेली विकते. मांदेलीच्या बाबतीत तिला कुणीही फसवू शकत नाही." मी ती पुस्तिका खोक्याखाली ठेवली. पुन्हा काढली. पुन्हा ठेवली. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून मी पहिल्या बसने बुसानला गेले. तुला सांगितलं नाही. पिशवीत घरची समुद्री पाती, वाळवलेली अळंबी आणि एक मुळा होता. योंगदोच्या मावशीला म्हटलं, मला तुमचं एक भांडं द्या, तुमच्या रश्श्यात मांदेली न घालता तीच चव आणून दाखवते, आवडली तर आजपासून तसाच करा. तिने सुरी खाली ठेवली. "तुम्ही मांदेली विकता, आणि मला म्हणता मांदेली घालू नका? तब्येत बरी आहे ना तुमची?" तरी भांडं दिलंन, मनाने चांगली आहे. मी दोन तास उकळत बसले. तिने चाखलं, पुन्हा चाखलं, म्हणाली, "चांगलं झालंय. पण हे माझं नाही. गोदीतली माणसं तीस वर्षं माझ्याकडे येतात ती मांदेलीसाठी. एका मुलीसाठी त्यांना काय सांगू?" मग मी तिच्यासमोर बसले आणि तिला सगळं सांगितलं. ती शेवया कापत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे पोरीला एक वाक्य बोलायला तोंड नाही, म्हणून तुम्ही माझं भांडं बदलायला निघालात होय?" परतीच्या बसमध्ये मी तो मुळा मांडीवर घेऊन बसले होते, रश्श्यात न घातलेला तो अर्धा.

आता ते वाक्य लिहिते. दानबी, त्या रश्श्यात मांदेली होती. मला आत जाऊन विचारायचीही गरज नव्हती, दारातच वास आला होता. मधल्या आकाराची, आपल्याच बाजूची, डोकी आणि आतडी न काढता टाकलेली, म्हणून जरा कडवट. मावशीने तर स्पष्ट सांगितलं होतं, "मांदेली नाही तर काय नुसत्या पाण्यात शेवया शिजवू?" पडद्याच्या फटीतून तू टेबलावर डोकं टेकून पडलेली दिसत होतीस. मी मनात म्हटलं, पाणीच तर आहे, गाळून मासा काढला की मासा कुठे राहिला? आपल्याकडे सगळे असंच म्हणतात, मीही जन्मभर म्हटलं. पण मला ठाऊक होतं की तू असं म्हणत नाहीस, आणि तरी मी तुझ्याकडे बघून खोटं बोलले. तुझी भूक बघवत नव्हती हे खरं, पण तेवढंच असतं तर मी केव्हाच सांगितलं असतं. तू दुसरा वाडगा मागितलास ना, तेव्हा मला आनंद झाला, की बघ, शेवटी हिला मांदेलीच गोड लागली, शेवटी मीच जिंकले. त्याची मला लाज वाटते. तुझ्या फोनांनी ती कमी झाली नाही, वाढली.

हे पत्र मी तातडीच्या टपालाने पाठवते आहे, उद्या पोचेल. शुक्रवारच्या आत त्या दुकानाचं नाव पुस्तिकेतून काढ, आणि माझंही काढ. तुझ्यावर विसंबून कुणी परक्या गावात त्या पडद्याआड जाऊन बसेल, आणि त्याला तिथे माझं खोटं वाढलं जाईल, हे मला नको. तुला राग येईल तेवढा येऊ दे, मी फोन उचलेन आणि मधे बोलणार नाही. चुसोकला ये असं म्हणायचा हक्क मला आज नाही, तरी म्हणते, ये. आलीस तर माझ्या हातचं काही खाऊ नकोस. या वेळी ओट्यापाशी स्वयंपाकाला तू उभी राहा. तू वाढशील ते मी खाईन, आणि त्यात काय घातलंस ते एकदाही विचारणार नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
आई