मस्टर्डच्या बरण्यांबद्दल, लेनीस

प्रिय लेनी,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद (हवे असले तर घे, नसले तर बायकोला, ट्रिशला दे). तुझी पाठ कशी आहे? ट्रिशचा खोकला गेला का? मी फोन करते तेव्हा ती सांगते की तू झोपलायस. रविवारी भर दुपारी, तळ्यावर पर्च मासे गळाला लागायच्या दिवसांत तू झोपलायस, यावर आपल्या आईचासुद्धा विश्वास बसला नाही, आणि हल्ली तिचा कशावरही बसतो. म्हणून पत्र लिहितेय. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

मला कामावरून काढलं त्या दिवशी तू गोदामात शेजारच्याच रांगेत होतास, तरी पहिल्यापासून सांगते, कारण कोर्टानं मला तशी सवय लावलीय. माझ्या फोर्कलिफ्टचा काटा जरा वर राहिला आणि लोणच्याच्या काकड्यांच्या बरण्यांचा एक थर खाली आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लुट्झसाहेब आले, वाहतं खारं पाणी बघितलं आणि म्हणाले, "बायकांच्या हाती यंत्र दिलं की हे असंच व्हायचं." जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझं ओळखपत्र त्यांच्या खिशात गेलं होतं. मी तिरीमिरीत घरी आले आणि दावा स्वतःच लिहून काढला. वकील कशाला हवा, खरं बोलायला? लुट्झ कपटी आहे, कंपनी बायकांची वैरीण आहे, हा अन्याय आहे, घोर अन्याय आहे, आणि हे सगळ्या टोलीडो शहराला माहीत आहे, असं मी लिहिलं. (चर्चमधल्या बायकांना वाचून दाखवलं तेव्हा दोघी रडल्या होत्या.)

मला वाटलं, कंपनी म्हणेल की ही बाई खोटारडी आहे, आणि मग मी दाखवीन इंगा. पण त्यांच्या वकिलानं उलटंच केलं. तो म्हणाला, या बाईंनी लिहिलेली प्रत्येक घटना खरी धरा. तरीही खटला चालवण्यासारखं यात काही नाही, सुरुवातीलाच काढून टाका. आणि न्यायाधीशांनी काढून टाकला. लेनी, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं बोलणं खरं धरलं आणि त्याच दिवशी मी हरले. न्यायाधीश तसे सभ्य. म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटलं ते मला कळलं. तुमच्या बाबतीत काय घडलं ते इथं कुठंच नाही." रागाच्या भरात मी लुट्झचं ते वाक्यसुद्धा लिहायची विसरले होते. विशेषण मात्र एकही विसरले नव्हते.

सुधारून लिहायला मुदत मिळाली, तेव्हा मी मुकाट्यानं वकिलाकडे, मिस टॅलबर्टकडे गेले. बाई बारीक, आवाज मऊ, पण माझी विशेषणं तिनं अशी खुडली की शेंगांच्या शिरा काढाव्यात. कोण बोललं, काय बोललं, कुणासमोर, तेवढंच ठेवलं. मग म्हणाली, लुट्झचं वाक्य चांगलं आहे, पण एकट्या वाक्यावर भिस्त नको. तुमचंच काम करणारा, त्याच साहेबाच्या हाताखालचा, तशीच चूक केलेला आणि तरी नोकरीत राहिलेला एखादा पुरुष आहे का?

मी खिडकीबाहेर बघत बसले. पार्किंगमध्ये एक माणूस गाडी पुसत होता, त्याची पुसून झाली तरी मी बघतच होते. शेवटी तिनंच विचारलं, "आहे ना कुणीतरी?" मी म्हटलं, आहे. माझा भाऊ.

ईस्टरला माझ्या स्वयंपाकघरात सारण भरलेली पिरोगी खाता खाता तू मस्टर्ड सॉसची गोष्ट सांगितली होतीस. तुझ्या फोर्कलिफ्टनं आख्खा रॅक आडवा, पिवळा पूर दारापर्यंत, आणि लुट्झ तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणतोय, "चालायचंच, गडीमाणसाच्या हातून होतं असं." तू हसून सांगितलीस, मी हसून ऐकली. आता ती दाव्यात कलम झाली. तुझं नाव घालू नका म्हणून मी बाईंच्या हातापाया पडले. तिनं नुसती 'ल. कु.' ही आद्याक्षरं घातली. पण आपल्या गोदामात ल. कु. दुसरा कोण आहे?

कंपनीनं पुन्हा खटला काढून टाकायचा अर्ज केला. त्यांचा वकील गंभीर चेहऱ्यानं सांगू लागला की मस्टर्ड वेगळं आणि लोणचं वेगळं. काच तीच, उंची तीच, साहेब तोच, तरी म्हणे तुलना होत नाही. मग त्यानं तुझं कलम मोठ्यानं वाचलं. पिवळ्या पुरापाशी आला तेव्हा मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि लेनी, मीही हसले. तिथं नसलेल्या तुझ्यावर मी हसले. न्यायाधीश म्हणाले, मस्टर्ड आणि लोणच्याचा निवाडा पुढं होईल. आज एवढं पुरे आहे, खटला चालेल. मिस टॅलबर्टनं माझा हात दाबला. मी जिंकले होते. घरी आले आणि बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहिले.

त्यानंतर कंपनीला एकाएकी समानतेचा उमाळा आला आणि तुला फोर्कलिफ्टवरून उतरवून हातात झाडू दिला, हे मला ट्रिशकडून कळलं. मी घाबरून मिस टॅलबर्टला सांगितलं, तर ती म्हणाली, "वा, हे तर आपल्या पथ्यावरच पडलं. तेव्हा त्याला सोडलं होतं, हे त्यांनीच कबूल केलं." त्या क्षणी मला ती अजिबात आवडली नाही. कायद्याच्या दृष्टीनं ती बरोबर असेल. पण तिचा भाऊ झाडू मारत नाहीये.

आई तुझी वाट बघते. मी शनिवारी तिच्याकडे जाते, तू रविवारी जा. म्हणजे माझं तोंड बघावं लागणार नाही.

तुझी थोरली बहीण,
बर्नी

ता.क. कोबीची पिरोगी ट्रिशच्या बहिणीकडे ठेवलीत. लाच नव्हे.

ता.ता.क. आता मुद्द्याचं. लिहिलं म्हणून इथवर निभावलं. पुढं ते शाबीत करावं लागतं. लुट्झ पाठ थोपटून तुला काय म्हणाला, ते फक्त तू ऐकलंयस. शपथेवर सांगशील का? झाडूही जाईल कदाचित, हे मला माहीत आहे.

आणखी एक. 'तू नाही म्हणालास तर मी खटला मागे घेईन,' असं वर लिहून मी खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. नाही घेणार मी मागे. तुझं वाईट वाटेल, फार वाटेल, पण नाही घेणार.