गाठ सोडलेली वायर

३ मार्च, गुरुवार

मास्तर हरामखोर आहे! आमच्या मोडलेल्या बँडवर मालिका काढली त्याने. विनोदी म्हणे! चार वर्षं माझ्या पुढ्यात उभा राहून गिटार वाजवली आणि सगळं डोक्यात टिपून ठेवत होता. आज पहिला भाग. फर्निचरच्या दुकानाच्या उद्घाटनाला वाजवायला गेलो आणि मालकाने आम्हाला एकाही सोफ्यावर टेकू दिलं नाही — जसंच्या तसं! माझं काम करणारा मुलगा सारखा भडकतो, ड्रमला लाथ घालतो आणि लंगडत फिरतो. आई हसून बेजार. "तुझ्यापेक्षा बरा दिसतो हो!" बाबा म्हणाले, "कॉलेज त्यानेही सोडलंय का?"

मीही हसलो. मग शेवटी पाटी आली : यातलं सगळं खरोखर घडलेलं आहे.

सगळं म्हणजे?

५ मार्च

सगळं म्हणजे अंतिम फेरीसुद्धा.

६ मार्च

दोन वर्षांत इथेही लिहिलं नव्हतं. लिहितो.

आमचा नियम होता — बिघडलेल्या वायरला टोकाशी गाठ मारायची, म्हणजे घाईत कुणी ती माइकला लावणार नाही. स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी मेकअपच्या खोलीत लांब्या आणि ती एकाच इअरफोनने गाणं ऐकत बसलेले दिसले. लांब्या गाणारा, ती कीबोर्ड वाजवणारी, ऐकणारच की! पण माझं टाळकं सटकलं. आमच्या सामानाच्या पेटीतली गाठीची वायर काढली. गाठ बोटांनी सुटेना, दातांनी सोडली. लांब्याच्या माइकपाशी चांगल्या वायरच्या जागी ठेवून दिली.

साउंडवाल्या काकांनी गाठ नाही बघून तीच लावली. पहिल्याच कडव्यात आवाज गेला. लांब्या नुसता तोंड हलवतोय, लोक शिट्ट्या मारतायत. हरलो. बँड मोडला. काकांना साउंडच्या कंपनीने काढलं — अकरा वर्षं तिथे राबलेला माणूस. "बाळांनो, गाठ नव्हती रे वायरला," म्हणत राहिले. कुणाला पटलं नाही. मी ड्रमचे स्क्रू काढत होतो. मान वर केली नाही.

१० मार्च, गुरुवार

ती आमच्याकडे आली दुसरा भाग बघायला. चष्म्याच्या दुकानातली नोकरी आटपून थेट. माझ्या शेजारी बसली. दोन वर्षं मी याच गोष्टीसाठी तडफडतोय आणि आज मला ती उठून जावी असं वाटत होतं.

"हात केवढे गार पडलेत तुझे!"

"पंख्याची हवा."

"पंखा बंद आहे, येड्या."

मास्तरने तुला काही विचारलं होतं का, म्हटलं. "सगळ्यांनाच विचारलं त्याने. तुला नाही?"

मला नाही! मलाच का नाही?

१३ मार्च

मास्तरला फोन केला. आधी शिव्या घातल्या, मग हळूच विचारलं. "अंतिम फेरी? चौथ्या भागात. बघच तू." काय दाखवणार आहेस? "आत्ता सांगितलं तर येऊन माझं घर पेटवशील." हसला.

१५ मार्च

आज काकांना सांगूनच टाकायचं, म्हणून गेलो. जिन्याखाली दुरुस्तीचं दुकान. उघडी इस्त्री मांडीवर घेऊन बसले होते. "ये ये, ढोलबडव्या! मालिका बघतो बरं मी. माझं काम कुणाला दिलंय रे? जरा बऱ्या तोंडाचा घ्या म्हणावं."

ओठांपर्यंत आलं. परत गेलं. आईचा मिक्सर बरोबर नेला होता, काहीतरी निमित्त म्हणून. तो दुरुस्तीला टाकून आलो. चांगला चालणारा मिक्सर!

१७ मार्च

तिसऱ्या भागात नाही. अजून आठ दिवस काढायचे.

२४ मार्च, गुरुवार

दाखवलं. पेटी उघडली. हात आत गेला. गाठ सोडू लागला. आणि मग — लाल नखं! कीबोर्डवालीची!

"अगंबाई! ही भवानी होय?" आई ओरडली.

मी सुटलो! खरंच हेच वाटलं आधी. तिचा विचार नंतर आला.

मास्तरचा मेसेज : "तिने स्वतः कबूल केलं. मलाही धक्काच बसला. तिच्यावर भडकू नकोस."

२५ मार्च

तिच्या दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक तिला म्हणत होतं, "मॅडम, आमची पण एक गाठ सोडून द्या की!" ती काच पुसत राहिली. तो जाईपर्यंत पुसत राहिली.

"मास्तरला तुझाच संशय होता," ती म्हणाली. "काकांचं बोलणं त्याच्या डोक्यात बसलेलं. मला विचारलं. मी म्हटलं, मी सोडली गाठ."

"तू पाहिलं होतंस?"

"दातांनी. कुत्रा हाड फोडतो तसा. कशासाठी, ते आवाज गेल्यावर कळलं."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल." मग चष्मा खाली ठेवला. "आता पुरे. रविवारी मी काकांची माफी मागायला जाणार. तू आधी जाऊन खरं सांगितलंस, तर आपण दोघं एकत्र. नाहीतर माझ्याच नावावर राहू दे ते, आणि परत या दारात येऊ नकोस."

उद्याच जातो, म्हटलं. शपथ घेतली. तिची घेतली.

२६ मार्च

गेलो. मी तोंड उघडण्याआधी काकाच म्हणाले, "टीव्हीवाले काहीही दाखवतात रे. त्या पोरीने असं केलं असेल, हे मला पटत नाही. तू होतास तिथे. तू सांगशील ते खरं धरीन."

तिनेच केलं, म्हणालो.