मोंबासाचा भंडारा

२३ नोव्हेंबर, रविवार

मानसी फोनवर म्हणाली, "आई, एकतीस डिसेंबरपर्यंत वर्षाचं भाडं जमलं नाही तर घर सोडावं लागेल. मग मी येईन परत." ह्यांनी पेपर खाली ठेवला. एवढ्या सगळ्यातून ह्यांना शेवटचंच ऐकू आलं — येईन परत.

घर म्हणजे मोंबासातलं. केनियात. मानसी सहा वर्षांपूर्वी तिथं एका कंपनीत नोकरीला गेली. ऑफिसच्या वाटेवर बसस्टँडमागे पोत्यांवर झोपणारी पोरं दिसायची. आधी शनिवारी शिकवायला लागली, मग नोकरीच सोडली. आता ती आणि रेहेमा नावाची तिथलीच एक बाई मिळून बावीस मुलं सांभाळतात. छत, दोन वेळचं जेवण, शाळा. घरमालकाला वर्षाचं भाडं एकरकमी हवंय, नाही तर घर रिकामं करा म्हणतो.

"आणि मुलं?" मी विचारलं.

"जिथून आली तिथं," ती म्हणाली, आणि वांग्यांचा भाव विचारायला लागली.

मी सांगून टाकलं — भाडं मी जमवते. शाळेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली नऊ हेडमास्तरीण म्हणून. निवडणूक, जनगणना, स्नेहसंमेलन — हातात घेतलेलं काम बुडालं असं एकदाही झालं नाही. पांढुर्ण्यात बसून मोंबासाचं भाडं जमेल. न जमायला काय झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आठला दारात तुळशीराम मिस्त्री, टेप घेऊन. ह्यांनी बोलावलं! गच्चीवरची खोली चार वर्षं नुसत्या भिंतींवर उभी आहे, ती आता पुरी करायची. लागून बाथरूम, खिडकीला जाळी, गुलाबी फरशी. मानसीसाठी. बिजली ऑफिसातून रिटायर झाल्यावर ह्यांनी बँकेत एक ठेव ठेवली होती, ती त्यासाठीच म्हणे.

"ती येणार नाही," मी म्हटलं. "भाडं जमणार आहे."

"पाहू न," हे म्हणाले. "दोन्हीकडची तयारी असावी माणसाची."

एका घरात दोन पार्ट्या. खाली माझी, वर ह्यांची.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

महिला मंडळाची बैठक आमच्याकडे. मानसीनं सांगितलं होतं की तिकडे मोठे लोक असे कार्यक्रम करतात — जेवणाची कुपनं विकायची, येईल तो पैसा मुलांना. मी म्हटलं, मग रोडगे करू. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. रोडगे म्हटलं की पांढुर्ण्याचा माणूस तापातूनही उठून येतो. एकवीस तारीख, रविवार दुपार, शाळेचं मैदान. ठरलं.

अपर्णा शाळेत माझ्या हाताखाली होती, अजून मॅडमच म्हणते. ती हळूच बोलली, "मॅडम, भंडाऱ्याचे रोडगे, अन् पैसे घेऊन? लोकाईले समजन काय?"

"समजावू," मी म्हटलं. समजावण्यातच जन्म गेलाय.

संध्याकाळी दिलीपच्या दुकानात गेले. सिमेंट-लोखंडाचा मोठा व्यापारी झालाय आता. सातवीत माझ्या वर्गात होता, फार बोलायचा, अजूनही बोलतो. "मॅडम, आपल्या इथं काय कमी पोरं हायेत उघड्यावर? इतक्या दूरच्यासाठी काऊन करून राहिल्या?"

"इथल्यांसाठी तू आजवर काय काय केलंस ते लिहून आण. मग बोलू."

मंडपाचा खर्च त्यानं अंगावर घेतला.

३ डिसेंबर, बुधवार

कुपनं छापून आली. संत्र्याच्या रंगाची. छान दिसतात.

९ डिसेंबर, मंगळवार

बसनं जामसांवलीला. मंगळवार म्हणजे हनुमानाला ही गर्दी. गुणवंता आचारी तिथंच सापडला, कोणाच्या तरी नवसाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरावर भाजत. मला पाहून विचारतो, "किती पायलीचा भंडारा, मॅडम?"

"भंडारा नाही. कार्यक्रम आहे. ज्याच्याकडे कुपन त्यालाच ताट."

त्यानं चिमट्यानं तीन-चार रोडगे उलटवले, मग बोलला. "म्हणजे रोडगे इकाचे?"

"मुलांसाठी, गुणवंता."

"चाळीस वर्सं झाली मले. पुढं पत्रावळ दिसली का रोडगा वाढाचा, इतकंच येते मले. कुपनाचं तुमचं तुम्ही पाहा."

पाहीन की. फाटकावर अपर्णा टेबल टाकून बसेल. त्यात काय एवढं.

मात्र येताना बसमध्ये एक वाईट विचार आला, तो इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार? नाही जमलं भाडं, तर जानेवारीत मानसी माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून शेंगदाणे खात असेल. पाय हलवत. हे चित्र सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत डोळ्यांपुढून गेलं नाही. मग बसस्टँडमागची पोती आठवली. उतरल्यावर सरळ प्रेसमध्ये गेले आणि आणखी शंभर कुपनं सांगितली.

१४ डिसेंबर, रविवार

मानसीचा व्हिडिओ कॉल. मी पोळ्या करत होते म्हणून फोन ह्यांच्या हातात. एरवी हे दोन वाक्यं बोलून माझ्याकडे देतात. आज एक मुलगी पुढे आली, नीमा नाव, सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. मानसीनं मुलांना मराठीतलं एकच वाक्य शिकवलंय. तिनं विचारलं, "जेवला काय?"

हे म्हणाले, "जेवलो, बेटा."

मग मागे रांगच लागली. प्रत्येकाला तेच विचारायचं होतं. बावीस वेळा "जेवला काय", बावीस वेळा "जेवलो, बेटा". एकालाही ह्यांनी गाळलं नाही. शेवटी ह्यांनी नीमाला उलट विचारलं, "तू जेवली काय?" तिला काही समजलं नाही. मानसीनं सांगितल्यावर पळत जाऊन रिकामं ताट घेऊन आली आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. चाटूनपुसून स्वच्छ.

फोन ठेवल्यावर हे गच्चीवर गेले. बराच वेळ खाली आले नाहीत. माझी पोळी गार झाली. मुलांना पुढे करून आपल्याला गुंडाळतात, असं वाटलं असेल ह्यांना. रागावले असतील.

१६ डिसेंबर, मंगळवार

फरशीचा टेम्पो आला आणि ह्यांनी तसाच परत पाठवला. रंग पसंत नाही म्हणे. स्वतःच निवडलेला रंग! वय झालं, दुसरं काय.

१८ डिसेंबर, गुरुवार

सौंसरला जुन्या शाळेत जाऊन आले. अकरा वर्षं होते तिथं. माझे विद्यार्थी आता तिथं मास्तर झालेत, मला पाहून अजून शर्ट नीट करतात. सगळ्यांनी पैसे दिले, कुपनं मात्र कोणी घेईना. "मॅडम, मुलांसाठी दिले, आता जेवण काऊन?" बळेच खिशात कोंबली.

आल्यावर कळलं की हे बँकेत जाऊन ठेव मोडून आले. म्हणजे आता महागातली फरशी येणार. येऊ दे. एकवीस तारखेनंतर त्या खोलीत मी पापड वाळत घालीन.

२२ डिसेंबर, सोमवार

कालचं सगळं आज लिहिते. काल हात उचलत नव्हता.

अकरापर्यंत सगळं माझ्या कागदाप्रमाणे. फाटकाला मुलांच्या फोटोचं बॅनर, त्याखाली अपर्णा, कुपनं, गल्ला. आत गुणवंता आणि त्याचे आर. साडेअकराला लोक यायला लागले. आणि येतच राहिले. नदीपलीकडून सावरगाव आलं, वस्त्यांवरून ट्रॅक्टर आले. मंडप, लाउडस्पीकर, रोडग्यांचा वास — लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. भंडारा आहे!

कुपन फारसं कोणाकडे नव्हतं. पण रिकाम्या हातानंही कोणी आलं नाही. भंडाऱ्याला जाताना शिधा न्यायचा असतो, तो आणला. अपर्णाच्या टेबलावर कोणी गव्हाची पायली ओतली, कोणी तुरीची डाळ, वांग्यांची पोती, तेलाची पिपी, संत्र्यांची टोपली, एकानं तर भलंमोठं कोहळं. कुपनं त्याखाली गाडली गेली. अपर्णा प्रत्येकाला "कुपन घ्या" म्हणायची आणि ते तिला नमस्कार करून आत जायचे. एका म्हातारीनं बॅनरसमोर चप्पल काढली आणि मला विचारलं, "बाई, देव कोनता हाय?" मी म्हटलं, देव नाही, दूरदेशची मुलं आहेत, रस्त्यावर राहणारी. तिनं फोटोला हात जोडले, पदराची गाठ सोडून दहाची नोट टेबलावर ठेवली आणि पंगतीत जाऊन बसली. तिला कुपन मागायची माझी हिंमत झाली नाही.

दोन वाजता मी आणि अपर्णानं पाहिलं. सौंसरचे आणि कुपनांचे मिळून तीन महिन्यांचं भाडं. हवं बाराचं. आणि रोडगे संपत आलेले.

खरं लिहिते. पाच मिनिटं मी मंडपाच्या बांबूला धरून उभी होते आणि मला बरं वाटत होतं. माझी काही चूक नाही, मी सगळं केलं, आता मानसी येईल. मग गुणवंता टॉवेलनं हात पुसत आला. "मॅडम, लोकं आनून राहिले अन् तुम्ही पैसे पाहून राहिल्या. ह्या शिध्याचं काय करता? कोहळं तेवढं ठेवा, सालभर टिकते. बाकीचं सडून जाईन."

तिथं माझं डोकं चाललं. गणपतीच्या नारळाचा लिलाव करतात ना आपल्याकडे? मग शिध्याचा का नाही? माइक हातात घेतला. छत्तीस वर्षांचा आवाज आहे, गेला नाही अजून. म्हटलं, हा मोंबासाच्या मुलांचा प्रसाद आहे, बोली लावा. लोकांना कुपन समजलं नाही, पण हे लगेच समजलं. वीस रुपयांची वांगी पाचशेला गेली. गव्हाची पायली किराणावाल्यानं घेतली, डाळ डॉक्टरांनी. आणखी तीन महिन्यांचं जमलं. सहा राहिले. तेही मी माइकवर सांगून टाकलं.

शेवटी कोहळं. चांगलं दहा किलोचं, मी त्याला हळदकुंकू लावलं. दिलीपनं पहिली बोली लावली — पांढुर्ण्याची इज्जत म्हणून. तेवढ्यात मागून आवाज आला, "सावरगावकडून दुप्पट!" हिरामण. संत्र्यांचा व्यापारी, रोज सकाळी ह्यांच्यासोबत फिरायला जातो. मग काय विचारता! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारणारे आम्ही, कोहळ्यावरून मागे हटतो का? दिलीपच्या भुवईवर सावरगावच्या गोट्याची खूण आहे. तो वाढवत गेला. हिरामणही. फक्त हिरामण प्रत्येक बोलीआधी फोन कानाला लावायचा. एवढा मोठा व्यापारी, पण बायकोला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही! सगळा मंडप हसत होता.

दिलीप दोन महिन्यांच्या भाड्यावर थांबला. हिरामण फोनवर काहीतरी पुटपुटला आणि एकदम म्हणाला, "सहा महिने. पुरे."

मंडपात शिट्ट्याच शिट्ट्या. सावरगावच्या पोरांनी कोहळं खांद्यावर घेऊन पूल ओलांडला, ढोल लावून. बारा महिने पुरे झाले.

हे आले होते, मागच्या पंगतीत तीन रोडगे खाल्ले आणि लिलावाआधीच निघून गेले. गुडघा दुखतो म्हणे. घरी येऊन मी सांगितलं, जमलं. "बरं झालं," म्हणाले. कसं जमलं, कोहळं कितीला गेलं, एक शब्द विचारला नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

मानसी फोनवर रडली. मालक वर्षाचं भाडं मिळतंय म्हटल्यावर तीन वर्षांचा करार करायला तयार झालाय. "तीन वर्षं, आई!" मागे मुलं ओरडत होती, जेवली काय, जेवली काय.

जिंकले. मी जिंकणार हे मला माहीतच होतं. फोन ठेवल्यावर ओट्यावर शेंगदाण्यांची वाटी दिसली आणि मी दहा मिनिटं न्हाणीघरात जाऊन रडले.

हे जेवून उठले आणि पेपर घेऊन बसले. मलाही राग आला. माझी पण ती मुलगी आहे. पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी एकदा तरी "छान केलंस" म्हणावं माणसानं.

२८ डिसेंबर, रविवार

पैसे पोचले. वर ठोकाठोक बंद आहे. मिस्त्री सुट्टीवर असेल. मी मुद्दाम गच्चीवर जात नाही.

१ जानेवारी, गुरुवार

तुळशीराम मिस्त्री त्याची थापी आणि ओळंबा न्यायला आला. "काकू, काकांनी काम बंद केलं न पंधरा दिवस झाले. पैसा दुसरीकडं लागला म्हणे."

वर गेले. फरशी नाही, जाळी नाही. खोलीच्या मधोमध घडी घातलेल्या पोत्यावर कोहळं. माझ्याच हातचं हळदकुंकू.

खाली आले. हे पेपर वाचत होते. मी म्हटलं, "कोहळ्याला पहिला घाव पुरुषानं घालायचा असतो. चिरता का?"

पेपर खाली न करता म्हणाले, "राहू दे. टिकते ते. मानसी आली का मंग चिरू."